पेस्ट तिखट लागते, मामा!

कबनूरला ताईकडे मुक्कामाला गेलो की पहिल्या रात्री मला झोप लागत नाही. गाव इचलकरंजीला इतकं चिकटलेलं की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते परक्याला कळू नये. ताईच्या घराच्या मागच्या भिंतीला यंत्रमागाची शेड. रात्रपाळीचा खटखटाट पहाटेपर्यंत. घरच्यांना त्याचं काहीच नाही. उलट लाइट गेली आणि माग बंद पडले की घरातली झाडून सगळी माणसं टक्क जागी होतात आणि "काय झालं गं?" म्हणून एकमेकांना विचारतात. झालेलं काहीच नसतं. आवाज थांबलेला असतो, एवढंच.

ही खटखट आधी सांगून ठेवली, कारण पुढे ती कामाला येणार आहे.

परवाच्या मुक्कामात सकाळीच मोरीपाशी गलका उठला. पाच वर्षांचा भाचा ब्रश टाकून, जीभ बाहेर काढून उभा. डोळ्यांत पाणी. "लई तिखट हाय ही! मला नगं!" ताई वैतागलेली. "तिखट कुठली रं? पेस्ट हाय ती. आणि काल रातीचा खर्डा कुणी संपवला मग?"

प्रश्न रास्त होता. हा पोरगा भाकरीवर खर्डा घेऊन खातो, तांबड्या रश्श्याचा भुरका मारून वर वाटी पुढे करतो. त्याला चार जणांच्या घरात चालणारी साधी पुदिन्याची पेस्ट तिखट लागावी? मलाही आधी ते नाटकच वाटलं. मग त्याच पेस्टचा थेंब मी नुसता जिभेवर ठेवून पाहिला. ब्रश नाही, पाणी नाही. डोळे मिटून दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला मला भाच्याची माफी मागावीशी वाटली.

शाळेत आपण शिकलो की जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं. त्यात अलीकडे उमामी आली. तिखट त्या यादीत नाही. तिखट ही चवच नव्हे, ती एक वेदना आहे. चवीच्या बातम्या मेंदूकडे नेणाऱ्या नसा वेगळ्या आणि ही बातमी नेणारी नस वेगळी. तिचं नाव ट्रायजेमिनल. चेहऱ्यावरचा स्पर्श, डोळ्यात गेलेली धूळ, दाढेचा ठणका, सगळं तिच्यातून जातं. कांदा चिरताना डोळ्यांना झोंबतं तेही हिच्याच मार्फत. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेला भाजत नाही. या नसेच्या टोकांवर उष्णता ओळखणारी जी सूक्ष्म दारं असतात, ती साधारण 43 अंश सेल्सिअसला आपोआप उघडतात. कॅप्सायसिन तीच दारं थंड तोंडात, खोट्या किल्लीने उघडतं. मेंदूला निरोप पोचतो: आग लागली!

आणि पुदिना? त्याच नसेवर गारवा ओळखणारी दुसरी दारं आहेत. ती साधारण 26 ते 28 अंशांच्या खाली उघडतात. पेपरमिंटमधलं मेंथॉल त्यांची खोटी किल्ली. तोंडाचं तापमान रेसभरही उतरलेलं नसतं, तरी मेंदूची खात्री पटते की आत बर्फ ठेवलाय. मिरचीचं दार अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधलं. गारव्याचं दार 2002 मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी वेगवेगळं काम करत शोधलं. या दोघांना 2021 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ज्युलियस यांनी मिरची आणि मेंथॉल हीच हत्यारं वापरली होती. म्हणजे एका अर्थी खर्डा आणि टूथपेस्ट.

मेंथॉल जास्त झालं की ते गारव्याच्या दारावर थांबत नाही. मोहरीचा झणका ओळखणारं आणखी एक दार आहे, तेही ढकलतं. लवंगेतलं युजेनॉल तर मिरचीच्याही दाराला हात घालतं. दालचिनीचं तेल मोहरीच्या दाराला. म्हणून पाच वर्षांचा मुलगा पेस्टला 'तिखट' म्हणतो तेव्हा तो शब्द चुकत नाही. नस तीच, दारं शेजारशेजारची. आपणच मोठेपणी 'फ्रेश' हा शब्द शिकून त्या वेदनेला चांगल्या घरचं नाव दिलं. आणि खर्ड्याचं काय? खर्डा त्याने दोन वर्षांचा असल्यापासून, भाकरीच्या कडेला लावून, आपल्या मर्जीने वाढवत नेलाय. मेंथॉल मात्र एके दिवशी कुणीतरी त्याच्या तोंडात घातलं. मागाची खटखट ताईच्या घराला ऐकू येत नाही आणि मला येते, तोच हिशेब.

एक भाषेची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' म्हणजे मिरीसारखं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबासारखं कडू. त्याच 'कटु'वरून आपला 'कडू' आला! शतकानुशतकांच्या वापरात शब्द तिखटाच्या घरातून निघून कडवटाच्या घरात जाऊन बसला. मोठ्यांचीच भाषा या दोन संवेदनांची अशी अदलाबदल करत आली असेल, तर पोराने पेस्टला काय म्हणावं यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ताईने दुसरा मुद्दा काढला. "भेळेतली पुदिन्याची चटणी चाटूनपुसून खातोय की. मग हाच पुदिना कसा झोंबतो?" याचं उत्तर मला फार आवडलं. हा तो पुदिना नव्हेच. आपल्या स्वयंपाकघरातला पुदिना बहुतेक करून स्पेअरमिंटच्या जातीचा. त्याच्या वासाचा मालक कार्व्होन नावाचा रेणू. मेंथॉल त्यात जवळजवळ नसतं. गंमत अशी की कार्व्होनचे दोन अवतार असतात, डावा हात आणि उजवा हात असावेत तसे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त आरशातलं प्रतिबिंब. त्यातला एक नाकाला पुदिना वाटतो. दुसरा बाळंतशेपांत असतो, शेपूच्या बियांत. आरशात पाहिलेल्या पुदिन्याला शेपाचा वास यावा, याहून मोठी जादू मी तरी बघितलेली नाही.

पेस्टमधला झणका येतो तो पेपरमिंटच्या तेलातून किंवा जपानी पुदिन्याच्या मेंथॉलमधून. त्या जपानी पुदिन्याची शेती आपल्याकडे उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या बाजूला अफाट होते आणि जगाला नैसर्गिक मेंथॉल पुरवणाऱ्यांत भारत सगळ्यात पुढे आहे. मेंथॉलचीही भावंडं आहेत, आठ. आठांचे अणू सारखे, मांडणी वेगळी. त्यांतलं एकच खरा कडकडीत गारवा देतं. नेमकं तेवढंच कारखान्यात घडवण्याची युक्ती ज्यांच्या संशोधनातून निघाली त्या जपानच्या र्‍योजी नोयोरी यांना 2001 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. सकाळी आपण थुंकून टाकतो त्या फेसात दोन नोबेलं असतात.

आता मुळावरचा प्रश्न. हा झणका दात स्वच्छ करतो का?

नाही. पेस्टमध्ये घासायला बारीक खडू किंवा सिलिका असते, ओलावा धरायला सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, फेसाला साबणासारखा एक पदार्थ, गोडीला सॅकरिन आणि कीड रोखायला फ्लोराइड. वासाच्या तेलांचा वाटा साधारण शेकडा एक. तो काढून घेतला तर घासणं कमी होत नाही आणि फ्लोराइडला स्वतःची म्हणावी अशी चव त्या प्रमाणात नसतेच. मग झणका आला कुठून? काही जण त्याचं खापर अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांवर फोडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉड हॉपकिन्सने दातांवरच्या चिकट थराची भीती घालून पेप्सोडेंट घराघरात पोचवली आणि तोंड चुणचुणलं म्हणजे दात साफ झाले ही समजूत पेस्टबरोबर पसरली. पण आपणही काही कमी नाही. चरकाने दातवणाला तुरट, तिखट, कडू झाडांच्याच काड्या सांगितल्यात. ताईच्या सासूबाई अजून सांगतात, त्यांच्या माहेरी शेणीची राखुंडी मिठात कालवून बोटाने घासायचे आणि चूळ भरताना तोंड चरचरलं नाही तर आई पुन्हा घासायला लावायची. त्या काळात कित्येक बायका भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावायच्या. तिची किंमत तोंडाच्या कॅन्सरने वसूल केली. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्ये बंदी केली ती काही उगीच नाही.

सुश्रुताने मात्र एक खिडकी उघडी ठेवलीय. प्रत्येक रसाचं उत्तम दातवण कोणतं ते तो सांगतो: कडवटात कडुनिंब, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मोह. गोड दातवण! माणसामाणसाची प्रकृती वेगळी, तर काडीही वेगळी असावी, हे त्याला सुचलं होतं.

कबनूरच्या चौकाजवळच्या मेडिकलमध्ये मी आणि भाचा दोघे गेलो. लहान मुलांच्या पेस्टचा एक कप्पाच असतो: स्ट्रॉबेरी, बबलगम, संत्रं, कुठे कुठे सफरचंद. खोक्यांवर कार्टून. इथे घाईने कार्टून निवडलं की पैसे वाया जातात, हे ताईने आधीच दोनदा अनुभवलेलं. स्ट्रॉबेरीची आणली, पोरगा म्हणाला, "कडू लागती." ताईला वाटलं, आता मात्र कहर झाला. स्ट्रॉबेरी आणि कडू?

पण 'तिखट' आणि 'कडू' ही दोन वेगवेगळी निदानं आहेत. 1931 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून एका पदार्थाची भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'किती कडू' म्हणून तक्रार करू लागला. फॉक्स यांनी चाखून पाहिली, त्यांना काही चवच लागेना. तिथून कळत गेलं की कडवटपणा ओळखायची यंत्रणा माणसागणिक जन्मतःच वेगळी असते. तुम्हाला साधं लागणारं कारलं शेजाऱ्याला खरोखरच विषासारखं लागत असू शकतं. त्यात मुलांची जीभ कडूच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा तल्लख. पेस्टमधलं सॅकरिन बहुतेकांना नुसतं गोड; काहींना मात्र मागाहून कडवट, धातूसारखी चव सोडून जातं. वनस्पतींचे अर्क घातलेल्या पेस्टचं तर विचारूच नका. आणि फेस करणारा तो पदार्थ, सोडियम लॉरिल सल्फेट, जिभेची गोडी ओळखायची ताकद थोडा वेळ दाबतो. दात घासून लगेच संत्र्याची फोड खाल्ली तर ती कडू लागते ती त्याच्यामुळे. काहींना त्याने तोंडही येतं.

म्हणून पोर पेस्ट थुंकतं तेव्हा ते कुठला शब्द वापरतं तिकडे कान द्यावा. तिखट म्हटलं, झोंबतं म्हटलं तर पेपरमिंट, मेंथॉल, लवंग, दालचिनी नसलेली शोधायची. स्पेअरमिंट चालण्याची शक्यता बरीच. कडू म्हटलं तर वनौषधीवाली बाजूला ठेवून दुसऱ्या गोडीची बघायची. उमासे येत असतील, 'फेस येतो' अशी तक्रार असेल, तर लॉरिल सल्फेट नसलेली, आणि ब्रशवर कमी. वासच नको म्हणत असेल तर फळांचा गोड वासही त्याला छळतोय. त्याला फळ बदलून देऊन उपयोग नाही. स्वमग्न मुलांत किंवा स्पर्श, वास, आवाज यांचा फार त्रास होणाऱ्या मुलांत हे पुष्कळ दिसतं, आणि तिथे 'लाडावलाय' हा शिक्का मारणं म्हणजे बहिऱ्याला ओरडून ऐकवण्याचा प्रकार. इंग्लंडमध्ये ओरानर्स नावाची पेस्ट याच मुलांसाठी मिळते: वास नाही, चव नाही, फेस नाही, फ्लोराइड मात्र पूर्ण.

ते शेवटचं महत्त्वाचं. सौम्य पेस्ट शोधता शोधता माणसं फ्लोराइडच सोडून बसतात, कारण मुलांच्या खोक्यावर 'फ्लोराइड नाही' हे अभिमानाने छापलेलं असतं. दातांवरचं कवच आम्लाच्या बाजूला, म्हणजे आंबटपणा वाढून पीएच 5.5 च्या खाली गेला की विरघळायला लागतं. बिस्कीट दातात अडकलं की जंतू नेमका तो आंबटपणा तयार करतात. फ्लोराइड कवचात शिरलं की तेच कवच 4.5 पर्यंत तग धरतं. दुधाच्या दातांचं कवच पक्क्या दातांच्या मानाने निम्मंच जाड. तिथे ही ढाल जास्त हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे कायद्याने कमाल 1000 पीपीएम आणि तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. चष्मा लावून शोधला की सापडतो. मुलांच्या काही ट्यूबांवर तो निम्माच असतो.

भीती असते ती गिळण्याची. हिशेब सोपा आहे. 1000 पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, 0.25 मिलिग्रॅम. तेवढं चुकून पोटात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती मोठ्यांसाठीही जास्तच असते. पण पोराच्या वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅम एकदम पोटात गेलं तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. दहा किलोच्या पोराला 50 ग्रॅमची ट्यूब पुरे. म्हणून गोड पेस्ट जितकी आवडती तितकी वरच्या फळीवर. आणि चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथल्या आईबापांनी ट्यूब घेण्याआधी दाताच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आम्ही शेवटी 1000 पीपीएमची, लॉरिल सल्फेट नसलेली, मंद फळाच्या वासाची एक ट्यूब घेतली. घरी आल्यावर भाच्याने ती हुंगली आणि संशयाने माझ्याकडे पाहिलं. मग मी त्याला गारव्याच्या दाराची एक खोडी शिकवली. मेंथॉल लावलेलं दार साध्या पाण्यालाही थंड म्हणतं. पेस्टनंतर माठातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवतात ते त्यामुळे. थंडीत सकाळी बादलीतलं गार पाणी म्हणजे आगीत तेल. चूळ भरायचीच झाली तर कोमट पाण्याने, मग दारं मिटतात. मोठ्यांची पेस्ट वापरायची वेळ आलीच तर एवढ्यानेही थोडा झणका उतरतो. ब्रशही जिभेच्या शेंड्याजवळच्या पुढच्या दातांपासून न लावता दाढांपासून सुरू करावा. शेंड्याला झणका फार लवकर कळतो. आणि एक: सॉर्बिटॉल, झायलिटॉल या गोड पदार्थांचे कण विरघळताना तोंडातली थोडी उष्णता खरोखरच शोषून घेतात. तो गारवा खोटा नाही. असे न विरघळलेले कण असतील तर बिनपुदिन्याची पेस्टही पहिल्या क्षणाला किंचित गार लागू शकते आणि चाणाक्ष पोर "ह्यात पुदिना हाय" म्हणून तुम्हाला पकडतं.

त्याने पकडलंच. पण ब्रश टाकला नाही. आरशात बघत, माझ्याबरोबर आकडे मोजत, त्याने दोन मिनिटं घासलं. थुंकून झाल्यावर चूळ भरायला धावला नाही, ही खरी कमाई. फ्लोराइड दातांवर जितकं रेंगाळेल तितकं बरं, आणि तिखट पेस्टवाली पोरं आधी तांब्याभर पाणी ओतून ते धुऊन टाकतात.

ताईच्या सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. "बघू द्या मला पण," म्हणाल्या. मी बोटावर थेंबभर दिली. त्यांनी हिरड्यांना लावली, थोडं थांबल्या, पुन्हा लावली.

"काय लागतंय, मावशी?"

"काय लागंनाच की," त्या म्हणाल्या. "लाइट गेल्यागत वाटतंय."